मिठाच्या पाण्याचे विद्युत अपघटन : प्रयोगाआधीची तयारी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग मांडायचा असेल, तर धनाग्रासाठी, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जोडून पाण्यात बुडवायच्या कांडीसाठी, कार्बनची कांडी आधी मिळवावी आणि ती हाती आल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात घालू नये. गेल्या खेपेस नेमकी तीच राहिली आणि तिच्या जागी लोखंडी खिळा लागला. धनाग्राला लोखंड असले की क्लोरीन निघण्याऐवजी लोखंडच विरघळते आणि भांड्यात हिरवट, मग तांबूस गाळ साचतो. स्टीलचा चमचा तर मुळीच नको, कारण त्यातले क्रोमियम पाण्यात उतरते आणि ते विषारी असते. दोन्ही टोकांनी तासलेली पेन्सिल चालते. ऋणाग्राला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे, मात्र खिळा खुशाल लावावा. तारांना लाल-काळी खूण आजच करावी, म्हणजे कार्बन धन टोकालाच जाईल.

भांडी, तारा, चिमटे असतातच. वीज 9 व्होल्टच्या बॅटरीची घ्यावी, भिंतीतल्या प्लगची कदापि नाही, 1.5 व्होल्टचा एकटा सेल पुरत नाही, कारण येथे निदान 2.2 व्होल्ट लागतात.

द्रावणे दोन करावीत. 100 मिलिलीटर पाण्यात 30 ग्रॅम मीठ घातले की धनाग्रावर मुख्यतः क्लोरीन येतो. 1 ग्रॅमच घातले तर ऑक्सिजनचा वाटा वाढतो. मीठ शुद्ध घ्यावे. सानीकट्ट्यासारख्या मिठागरातल्या खडे मिठात मॅग्नेशियम असते, त्यामुळे ऋणाग्राभोवती पांढरा गढूळपणा येतो आणि पाहणारे त्यालाच निष्कर्ष समजतात.

धनाग्र आणि ऋणाग्र यांच्याकडचे पाणी एकमेकांत मिसळू नये म्हणून मध्ये पडदा लागतो; त्यासाठी खानापूरच्या कुंभाराकडून रंग न दिलेले मातीचे छोटे बोळके आणून रात्रभर भिजवावे व धनाग्र त्यात ठेवावे. धनाग्र म्हणजे कार्बन, पुन्हा सांगतो. बाहेरच्या पाण्यात कॉस्टिक सोडा तयार होऊन हळदीचा कागद लाल होतो. बोळक्यावर धरलेला ओला लिटमस पांढरा पडतो. पडदा काढून तोच प्रयोग केला, तर क्लोरीन आणि सोडा एकत्र येऊन कपडे उजळवणारे हायपोक्लोराइट बनते. हे द्रावण तापवू नये, कारण तापल्यावर क्लोरेट बनू लागते.

जांबोटीकडच्या पावसात खिडक्या लावून घेण्याची सवय असते. या दिवशी क्लोरीन बाहेर जावा म्हणून त्या उघड्याच ठेवाव्यात आणि प्रवाह दोन-तीन मिनिटांत बंद करावा. कांडी कार्बनचीच आहे ना, हे जोडणीपूर्वी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावे.

वितळलेल्या मिठाचे फक्त चित्र लावावे. ते 801 अंश सेल्सिअसला वितळते आणि त्यातून सोडियम धातू निघतो. उरलेले पाणी भरपूर पाण्यासोबत ओतावे, त्यात ॲसिड पडू देऊ नये.