‘बाहेरचं झालंय’ म्हणून प्रार्थनेला बोलावलं तर

येरवडा असो, ताडीवाला रोड असो की पिंपरी, मंडळीच्या (चर्चच्या) प्रार्थना गटाला कधी ना कधी असा फोन येतोच: “पोरीला बाहेरचं झालंय, येऊन प्रार्थना करा.” लगेच बायबल घेऊन धावत सुटू नका. मार्कच्या ९व्या अध्यायात मुलगा जमिनीवर लोळतोय, तोंडाला फेस आलाय, आणि येशू त्याच्या बापाला विचारतो की हे याला कधीपासून होतंय. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा, आणि फोनवरच.

किती दिवस झाले? झोप, जेवण कसं आहे? ताप आहे का? फिट येते का? नुकतंच बाळंतपण झालंय का? चालू असलेल्या गोळ्या कुणी बंद केल्या का? दारू अचानक सोडली का? हा शेवटचा प्रश्न बरेच जण गाळतात. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की दोन-तीन दिवसांत हात थरथरू लागतात, नसलेली माणसं नि किडे दिसतात, तो भिंतीशी बोलायला लागतो. घरच्यांना ते भूतच वाटतं. ही जिवावरची वेळ असते, आधी दवाखाना गाठायचा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा. जीव द्यायची भाषा असेल तर माणसाला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, येरवड्याला मनोरुग्णालय आहे. “डॉक्टरकडे पाठवता म्हणजे तुमचा विश्वास कमी पडला” असं कुणी म्हणालं तर मत्तय ४:२४ उघडा. तिथे भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती वेगवेगळे सांगितले आहेत. मत्तय १७ मधल्या मुलाच्या बाबतीत मात्र फेफरं आणि भूत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणूनच नुसतं बघून निदान करायला जाऊ नये.

जाताना दोघं किंवा तिघं जा. बाई आजारी असेल तर गटात बाई हवीच, आणि पाळकांना (पास्टरांना) कळवल्याशिवाय निघायचं नाही. कॅथलिक कुटुंब असेल तर धर्मगुरूंना सांगा. त्यांच्याकडे भूत काढण्याचा औपचारिक विधी बिशपांच्या परवानगीनं नेमलेला धर्मगुरूच करतो.

घरात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे गर्दी कमी करणं. लोक धावत येताहेत हे पाहून येशूनं त्या मुलातलं भूत लगेच काढलं (मार्क ९:२५). चाळीत दारात वीस डोकी जमतात, कुणीतरी मोबाईल वर धरतो. दार लोटा, मोबाईल खिशात ठेवायला सांगा. मग आजारी माणसाला त्याच्या नावानं हाक मारा, शेजारी बसा, आणि प्रार्थना चालेल का ते त्यालाच विचारा. तो नको म्हणाला तर घरच्यांसाठी प्रार्थना करा आणि उठा.

वाचन थोडंच ठेवा: स्तोत्र ९१, मग इफिसकरांस ६:१०-१८. इथे एक गोष्ट नीट समजावून सांगायला हवी. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल ‘टिकून राहा’, ‘उभे राहा’ हेच पुन्हा पुन्हा सांगतो. भूत शोधत हिंडा असं तो कुठेच सांगत नाही. कलस्सैकरांस २:१५ प्रमाणे ख्रिस्तानं वधस्तंभावर दुष्ट सत्तांना आधीच नागवलं आहे, म्हणून आपल्या आवाजाच्या जोरावर काही ठरत नाही. पौलानं सांगितलेल्या शस्त्रसामग्रीतली कंबरपट्टा, उरस्त्राण, जोडे, ढाल, शिरस्त्राण ही सगळी अंगाच्या रक्षणासाठी आहेत. तलवार एकच, ती म्हणजे वचन. अरण्यात सैतानानं मोह घातला तेव्हा येशूनं ती कशी चालवली ते पाहा: तिन्ही वेळा बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं एकेक वाक्य (८:३, ६:१६, ६:१३), तेही आरडाओरडा न करता. सैतानानंही तिथे स्तोत्र ९१ च म्हणून दाखवलं होतं, तेव्हा ते स्तोत्र मंत्रासारखं घोकायचं नाही.

प्रार्थना साध्या मराठीत, येशूच्या नावानं, पाच-दहा मिनिटं. आत्म्याशी गप्पा मारू नका. “तू कोण, कुठून आलास, कुणी पाठवलं” ही चौकशी मार्क ५:९ मधल्या एका प्रश्नावर उभी केलेली पद्धत आहे. मार्क १:२५ मध्ये येशू भुताला गप्प बसायला सांगतो. या चौकशीतून पुढे काय होतं? घाबरलेली मुलगी काकूचं किंवा जावेचं नाव घेते, ‘करणी तिनंच केली’ असं ठरतं आणि दोन घरं कायमची तुटतात. आपलं झगडणं रक्तमांसाशी नाही (इफिस. ६:१२), हे वचन अशा घरात सगळ्यात जास्त लागतं. जाऊबाई शत्रू नाही.

मारणं, बांधणं, केस उपटणं, मिरचीची धुरी देणं, उपाशी ठेवणं यातलं काहीही करायचं नाही आणि दुसऱ्या कुणाला करूही द्यायचं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्याच वर्षी, २०१३ मध्ये, आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली अशी मारहाण केल्यास सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. पण कायदा नसता तरी हे पापच होतं.

गंडा-ताईत दिसला तर स्वतःच्या हातानं तोडू नका. इफिस शहरात जादूची पुस्तकं ज्यांची होती त्यांनीच आणून जाळली, पन्नास हजार चांदीच्या नाण्यांच्या किमतीची (प्रे. कृत्ये १९:१९). घरात दुसऱ्या धर्माचं कुणी असेल तर त्यांच्या देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. आणि “बाप्तिस्मा घ्या, मग उतरेल” असं कधीही म्हणू नका.

निघण्यापूर्वी तिला काहीतरी खायला द्यायला सांगा. याईराच्या मेलेल्या मुलीला उठवल्यावर येशूनं तेच सांगितलं होतं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या, हे घरच्यांसमोर मोठ्यानं बोला. आठवड्यानं पुन्हा जा, कारण झाडून रिकाम्या ठेवलेल्या घरात आत्मा सात जणांना घेऊन परत येतो (मत्तय १२:४३-४५). रोज एक स्तोत्र वाचायला द्या, रविवारी उपासनेला न्यायला कोण येईल ते त्याच वेळी ठरवा, आणि पाळकांना त्याच रात्री सगळं कळवा.