ढाब्यावर बसण्यापूर्वी पाटी आणि परवाना पाहावा

महामार्गालगतच्या ढाब्यांवर, मग तो रस्ता लातूर-अंबाजोगाईचा असो की जालना-संभाजीनगरचा, ‘बाटली बाहेरून आणा, इथे निवांत बसा’ असे सर्रास सांगितले जाते. परंतु धाड पडली की ढाबामालकावर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 68 खाली आणि पुढ्यात ग्लास घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकावर कलम 84 खाली गुन्हा नोंदवला जातो. तो टाळण्याची पद्धत सोपी आहे.

1. पाटीवर ‘परमिट रूम’ किंवा ‘बिअर बार’ असे लिहिले आहे का, ते पाहावे. तेवढ्यावर विसंबू नये, कारण पाटी कोणीही रंगवून घेतो. गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलेल्या परवान्यातील पत्ता आणि मुदत वाचावी.

2. ‘वाइन शॉप’ आणि ‘बिअर शॉपी’ यांना केवळ सीलबंद बाटली विकण्याची मुभा असते. दुकानाच्या पायरीवर किंवा शेजारच्या ऑम्लेटच्या गाड्यावर कागदी पेल्यात ओतून घेणे त्या परवान्यात बसत नाही, मग गाडेवाला कितीही ओळखीचा असो.

3. मद्यसेवनाचा एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, तो मागून घ्यावा. मात्र त्यामुळे रस्त्यावर किंवा उद्यानात पिण्याची सूट मिळत नाही.

परतताना गाडी न पिणाऱ्याच्याच हाती द्यावी. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम 185 लागते आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.