वागळे इस्टेटमधलं बंद गोडाऊन बघायचंय? आधी वॉचमनला गाठा

ठाण्यातल्या वागळेला आता काचेच्या बिल्डिंगा झाल्यात, पण आतल्या गल्ल्यांत अजून जुन्या शेड, बंद गोडाऊनं सापडतात. एमआयडीसी १९६२ ला निघाली आणि वागळे तिच्या सगळ्यात जुन्या वसाहतींपैकी, म्हणजे काही शेड आपल्या वडलांच्या वयाच्या.

भिंतीवरून उडी मारायची हौस असेल तर आधी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घुसण्याचा गुन्हा, वाचा. बंद असला तरी प्लॉट कोणाच्या तरी नावावर असतोच. मी सरळ गेटवर जातो, "काका, मालक कोण, फोटो काढायचे होते", मग ते नंबर देतात नाहीतर हाकलतात. बहुतेक वेळा हाकलतातच. पण चहाला बसले तर आत कुठे काय कुजलंय ते सगळं सांगतात.

पावसाळ्यात जाऊ नका. दिवाळीनंतर, सकाळी, दोघं-तिघं मिळून, प्रत्येकाकडे टॉर्च. जाड तळव्याचे सेफ्टी शूज घाला, मी पहिल्यांदा स्पोर्ट्स शूज घालून गेलो आणि पॅकिंगच्या पेटीचा खिळा थेट पायात, तिथूनच धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पळालो.

खरी भीती पत्र्याची. जुन्या शेडवरचा तो करडा सिमेंटचा पत्रा, त्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं. गंजत नाही म्हणून भक्कम वाटतो, पण पाय दिला की वाकत नाही, बिस्किटासारखा तुटतो आणि माणूस थेट खाली. वर चढायचं नाही म्हणजे नाही. खाली पडलेले तुकडे पण लाथेने सरकवू नका, त्याची धूळ फुप्फुसात गेली की बसते ती बसतेच, आजार कित्येक वर्षांनी बाहेर येतो. एन-९५ मास्क कबुतरांच्या घाणीला ठीक आहे, ह्याला पुरत नाही, त्यामुळे फुटक्या ढिगाजवळ जाऊच नका.

माळ्यावर जायचंच असेल तर गर्डरच्या रेषेवरून चाला, फळीच्या मधोमध नाही. जमिनीतल्या टाकीत मात्र कोणीच उतरू नका, आत श्वास घेण्यासारखी हवा नसू शकते, आणि पहिल्याला काढायला गेलेला दुसरा पण तिथेच पडतो.

बघायचं काय तर टाइम ऑफिस, म्हणजे कामगारांची हजेरी लागायची ती खोली. मला एकदा पंचिंग कार्डांचा लाकडी रॅक सापडला, कार्डांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, निळ्या शाईत ७.५८, ७.५९, आणि एक ८.०३ लाल शाईत. फोटो काढा, कार्ड खणातच राहू द्या, काका निघताना बॅग उघडून बघतात.