कपाशीची फवारणी : बाटलीचं झाकण उघडण्यापासून दवाखान्यापर्यंत, या चुका टाळा

आखाजीला (अक्षय तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, ठरतो तेव्हा वर्षाचे पैसे, धान्य, कपडे, सणाची सुट्टी असं सगळं बोललं जातं. हातमोज्यांचा विषय निघत नाही. पुढे पोळ्याच्या सुमारास कपाशी छातीला लागते, बोंडअळीची ओरड सुरू होते आणि पंप त्याच्याच पाठीवर चढतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. धुळे-जळगाव-नंदुरबारची कपाशी काही वेगळी नाही. औषधं तीच, पंप तेच आणि सवयीही त्याच.

सगळी काळजी फवारताना, झाकण उघडताना काहीच नाही

सर्वात मोठी चूक हीच. तोंडाला रुमाल बांधतात तो पंप पाठीवर घेतल्यावर. पण सगळ्यात तीव्र विष त्याआधीच हाताळून झालेलं असतं. हिशेब करा. प्रोफेनोफॉस ५० टक्के ईसी (द्रावकात विरघळवलेलं, पाण्यात दुधाळ होणारं कीटकनाशक) याच्या एका लिटरमध्ये ५०० ग्रॅम विष असतं. लिटरला २ मिली टाकलं की फवाऱ्याच्या एका लिटरमध्ये १ ग्रॅम उरतं. म्हणजे बाटलीतलं औषध फवाऱ्याच्या ५०० पट कडक. बोटावर बाटलीतला एक मिली सांडला तर तो अर्धा लिटर फवारा अंगावर घेतल्यासारखा आहे.

आता बाटली कशी उघडते ते बघा. झाकणाखाली चांदीचं सील असतं. ते नखाने निघालं नाही की दाताने ओढतात किंवा काडीने भोसकतात. भोसकलं की आतली हवा दाबली जाते आणि थेंब उडतो तो थेट डोळ्यात किंवा ओठावर. सील कात्रीने कडेकडेने कापा, बाटली सपाट जागी ठेवा, तोंड बाजूला घ्या. मोजायला खुणा असलेलं मापच हवं. बाटलीचं झाकण माप म्हणून धरू नका. कंपनीगणिक ते लहानमोठं असतं, आणि ओतताना ओघळ मनगटावर येतो तो वेगळाच.

हातमोजे नायट्राइल रबराचे घ्या. सुती किंवा चामड्याचे मोजे औषध शोषून दिवसभर कातडीला लावून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात बरा, लगेच धुता तरी येतो. ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून ढवळणं तर बंदच करा, लांब काठी वापरा. पाणी आणणाऱ्या, पंप भरून देणाऱ्या बायांनाही मोजे द्या. फवारणारा एक असतो, पण बाटली दिवसभर त्यांच्या हातात असते.

‘पंपाला किती?’ हा प्रश्नच अर्धवट आहे

दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न. कोणत्या पंपाला, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. औषधाची मात्रा एकराला ठरलेली असते, पाणी पंपाप्रमाणे बदलतं. समजा एकरी ४०० मिली औषध द्यायचं आहे. साध्या किंवा बॅटरी पंपाने एकरी २०० लिटर पाणी लागतं, म्हणजे लिटरला २ मिली, १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. पेट्रोलवरचा पॉवर पंप बारीक धुकं करतो, त्याचं काम साधारण एक तृतीयांश पाण्यात होतं. म्हणून त्याला लिटरला ६ मिली, १० लिटरच्या टाकीला ६०.

गोंधळ होतो तो बांधावर. शेजारी सांगतो ‘मी पंपाला साठ टाकतो’, त्याच्याकडे पॉवर पंप असतो, आणि तेच साठ मिली आपल्या १५ लिटरच्या साध्या पंपात जातात. मात्रा दुप्पट झाली. पानांच्या कडा करपल्या की दोष औषधाच्या नावावर, चक्कर आली की उन्हाच्या नावावर.

कॉकटेल

कीटकनाशक, बुरशीनाशक, १९:१९:१९ हे विद्राव्य खत, टॉनिक, वर स्टिकर (औषध पानाला चिकटवणारा द्रव). पाच बाटल्या एका पंपात, एका मजुरीत काम उरकतं म्हणून. लेबलवर मिश्रणाची शिफारस नसेल तर मिसळूच नका. आणि शिफारस असली तरी आधी बाटलीत बघा. अर्धा लिटर शेतातलंच पाणी घ्या, कारण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने निम्मा घोळ होतो. आधी पाण्यात विरघळणाऱ्या पुड्या, मग दाट द्रव, मग ईसी, असं मापात टाकून अर्धा तास ठेवा. दह्यासारखं फुटलं, तळाला गाळ बसला, बाटली हाताला गरम लागली, तर ते पंपात घालायचं नाही. असं फुटलेलं मिश्रण नोझल तुंबवतं आणि तुंबलेल्या नोझलपाशी पुढची चूक वाट बघत असते.

पंपाची दुखणी

नोझल तुंबलं की तोंडाने फुंकर. हे प्रत्येक शिवारात दिसतं. खिशात जुना टूथब्रश ठेवा, नोझल खोलून पाण्यात घासा.

पाठ ओली होते? बहुतेक वेळा झाकणाचा वॉशर फाटलेला असतो किंवा टाकी गळ्यापर्यंत भरलेली असते. ओघळ पाठीवरून कमरेखाली जातो आणि जांघेतली कातडी तळहातापेक्षा कितीतरी पटीने जास्त विष शोषते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला आणि दर फवारणीच्या सकाळी साधं पाणी भरून दोन मिनिटं चालवून बघा : झाकण, होज, ट्रिगर, नोझल. वॉशर बदलायला दहा मिनिटं पुरतात. ओल्या कपड्यांनी उरलेले पाच पंप मारले तर विष तेवढा वेळ अंगाला मुरत राहतं.

कपाशीची पानं अचानक अरुंद, लांब, भेंडीच्या पानासारखी झाली तर रोग शोधू नका. आधी विचारा, हा पंप मक्याला किंवा बाजरीला टू-फोर-डी मारायला वापरला होता का? कपाशी या तणनाशकाला फार हळवी आहे, टाकीत आणि होजमध्ये राहिलेला अंशही पुरतो. शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलं तरी हेच होतं. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर रंगाने पट्टा मारा. धुवून धुवून भागवायचा नाद नको.

वारा, वेळ, रुमाल

वाऱ्याच्या दिशेने, फवारलेल्या ओळीत परत न शिरता, मागे सरत जाणं हा सोपा नियम छातीएवढ्या कपाशीत मोडतो. ओली झाडं अंगाला पुसत जातात. तिथे पूर्ण बाह्या आणि पुढून प्लास्टिकचा एप्रन लागतोच. पँट गमबुटात खोचू नका, बुटाच्या बाहेर सोडा, नाहीतर बूट ओघळाची बादली होते. ओला रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. दुपारच्या उन्हात घाम वाढतो, कातडी जास्त शोषते आणि मास्क कोणी ठेवत नाही. सकाळी दव ओसरल्यावर आणि चारनंतर मारा. मधे तंबाखू मळायची असेल तर आधी साबणाने हात धुवा.

खरं तर काही फवारण्या टळतातच. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्याला ८ पतंग येत नाहीत आणि हिरव्या बोंडांत १० टक्क्यांपर्यंत नुकसान दिसत नाही, तोवर पंप काढायची गरज नसते.

त्रिकोणाचा रंग म्हणजे ताकद नव्हे

बाटलीच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा उतरता क्रम माणसाला होणाऱ्या विषारीपणाचा आहे. ‘लाल मारलं की अळी पटकन मरते’ याला काही अर्थ नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, हेही खोटं. बाटलीबरोबरची घडीपत्रिका बारीक अक्षरांची असते. फोटो काढून मोबाइलवर मोठी करा. पीक, मात्रा, तोडणीआधी थांबायचे दिवस, उतारा असं सगळं त्यात आहे. पक्कं बिल, बॅच नंबर घ्या.

थिमेट म्हणून ओळखलं जाणारं फोरेट आणि नुवान म्हणून ओळखलं जाणारं डायक्लोरव्हॉस, दोन्हींवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. केळीच्या खोडाशी टाकायला माळ्यावरची जुनी पिशवी काढू नका.

घरात, बांधावर

औषध शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवणं, ढेपेच्या पोत्याशेजारी ठेवणं, उरलेलं गुलाबी रंगाचं प्रक्रिया केलेलं सरकीचं बी कोंबड्यांना टाकणं. यांवर जास्त बोलायला नको, कुलपाची पेटी करा.

रिकामी बाटली पाव भाग पाण्याने भरा, अर्धा मिनिट हलवा, ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा, मग बाटलीला भोक पाडा. जाळू नका, विहिरीत, नाल्यात, पाटात टाकू नका. पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या गटाचा थोडा अंशही मासे मारतो. वापरलेली वेष्टनं आणि धुवण कुठेही टाकायला कीटकनाशक नियम १९७१ नेही मनाई आहे. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात नकोत.

आणि हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठरली तर करप्यासाठी खनिज तेल नि प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक मारलेल्या केळीच्या बागेतून जेवायला पानं कापू नका. भरताच्या वांग्यांनाही तोडणीआधीचे दिवस लागू आहेत.

बाधा झालीच तर

आधी कपडे काढा, साबणाने अंग धुवा, डोळ्यात गेलं असेल तर १५ मिनिटं वाहतं पाणी. मिठाचं पाणी, दूध, तूप पाजून उलटी काढू नका. ईसी औषधातला द्रावक उलटीबरोबर फुप्फुसात जातो. १०८ ला फोन करा आणि बाटली किंवा पत्रिका बरोबर न्या. ‘बोंडअळीचं औषध’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. प्रोफेनोफॉससारख्या ऑरगॅनोफॉस्फरस गटाला ॲट्रोपिन चालतं, पायरेथ्रॉइडला तसा नेमका उतारा नाही आणि पॅराक्वॅट या तणनाशकाला तर उताराच नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, लाळ, घाम, स्नायू फडफडणं ही ऑरगॅनोफॉस्फरसची लक्षणं.

सलाइन लागलं, माणूस बोलायला लागला की नातेवाईक सुट्टी मागतात. या गटाच्या विषबाधेत एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात. रोज सकाळ-संध्याकाळ बघा, उशीवरून मान स्वतःहून उचलता येते का. येत नसेल तर लगेच नर्सला हाक मारा.