लेदरचा बेल्ट घेताना शिक्का नाही, भोक बघा

बेल्ट, पाकीट, बॅग काहीही घ्यायला जा, दुकानदार आधी आतला 'जेन्युइन लेदर'चा शिक्का दाखवतो आणि आपण खूश. पण त्या शिक्क्याचा अर्थ इतकाच की यात चामडं आहे, कातड्याच्या कुठल्या थरातलं आणि किती टिकेल हे तो सांगतच नाही. मी अशीच शिक्का बघून ऑफिसची बॅग घेतली होती, दुसऱ्या पावसाळ्यात पट्ट्याचे पापुद्रे सुटायला लागले, रोज शर्टाच्या खांद्यावर काळा चुरा. तेव्हापासून नीट बघितल्याशिवाय घेत नाही.

आधी थर समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच आहे. कातडं जाड असतं, मशीनवर आडवं चिरून त्याचे थर काढतात. सगळ्यात वर, जिथे केसांची छिद्रं असतात, तिथले तंतू एकदम घट्ट, ताकद तिथेच असते. तो पृष्ठभाग न घासता तसाच ठेवला तर फुल ग्रेन. काट्याचे, गोचिडीचे डाग घालवायला वरून घासून रंग चढवला की टॉप ग्रेन, हेही वाईट नाही, दिसायला उलट जास्त एकसारखं. खालचा सैल तंतूंचा थर म्हणजे स्प्लिट. आणि चामड्याचा चुरा चिकटवून लादी बनवली की बॉन्डेड, ते मी फुकट दिलं तरी घेणार नाही. पीयू, रेक्झिन म्हणजे कापडावरचं प्लास्टिक, आपल्याकडच्या दमट हवेत पीयू कपाटात नुसतं पडून पण सोलतं.

आता दुकानात काय करायचं? बरेच जण सांगतात उलटी बाजू बघा, मऊ लव दिसली की अस्सल. इथेच फसायला होतं, कारण स्प्लिटवर प्लास्टिकचा थर चढवून त्यावर छिद्रांची नक्षी दाबतात, त्याची उलटी बाजू पण तशीच लवदार असते! म्हणून कड बघायची. बेल्टची कड बऱ्याचदा रंगवलेली असते, मग बकल अडकवायच्या भोकात बघा, मोबाईलचा टॉर्च लावून. आतपर्यंत एकच चामडं, वरच्या बाजूला जास्त दाट, तर चांगलं. वर चकचकीत पातळ पापुद्रा वेगळा दिसला तर स्प्लिट, मधे पुठ्ठा किंवा फोम दिसला तर सरळ ठेवून द्या. मग बोटाने दाबा, चांगल्या चामड्यावर बोटाभोवती बारीक सुरकुत्या पसरतात. छिद्रं सगळीकडे मोजून मापून सारखी असतील तर ती छापलेली. एकट्या वासावर विसंबू नका, वासाचा स्प्रे पण मारतात.

चामडं हाताला ओळखीचं करायचं असेल तर एकदा कोल्हापुरात चप्पल लाईनमध्ये जाऊन या. तिथे अस्सल जोडाचा तळ कडेने बघा, चामड्याचे थर उघडे दिसतात, शिवण पण चामड्याच्या वादीची. ते कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, म्हणून रंग तांबूस आणि वापरून अजून गडद होतो. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्रातले 4 आणि कर्नाटकातले 4 जिल्हे त्यात आहेत, त्यामुळे अथणीची (बेळगाव जिल्हा) चप्पल दाखवली तर ती नकली समजू नका. बाजारातल्या बाकीच्या बॅगा, जॅकेटं बहुतेक क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेली असतात, ती मऊ आणि पाण्याला जरा कमी दाद देणारी, त्यात कमीपणा काही नाही.

जनावराचाही फरक पडतो, म्हशीचं जाड आणि दाणेदार, तळ आणि बेल्टला मस्त, बकरीचं पातळ पण चिवट, पाकिटाला छान, मेंढीचं लोण्यासारखं मऊ पण ओरखडे लगेच.

घेतलं की प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरते. सुती पिशवीत ठेवा, भिजलं तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरसमोर अजिबात नाही.