अपघाताचं रजिस्टर लिहायला माणसांना कसं शिकवायचं

बऱ्याच ठिकाणी सेफ्टी ट्रेनिंग म्हणजे पंचवीस स्लाइड, समोसा आणि हजेरीवर सही. 4 मार्चला सेफ्टी डेची शपथ घेतली की वर्षभराची सुट्टी. मी साकीनाक्याला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, अ‍ॅडमिन बघतो, साठ माणसं आहेत, आणि माझं सरळ मत आहे की अर्धाच तास मिळाला तर लागलं-कापलं की रजिस्टरमध्ये काय लिहायचं तेवढंच शिकवा, बाकीचं त्यातूनच निघतं.

शिफ्ट सुटताना ठेवू नका, सगळ्यांचं लक्ष घाटकोपरच्या मेट्रोकडे असतं, आणि जेवणानंतर तर डोळेच मिटतात. अकराच्या चहाला मशीनजवळच दहा-बारा जणांना गोळा करा. हिंदीतून पण बोला, आमचे निम्मे ऑपरेटर यूपीचे आहेत आणि 'समजलं ना?' विचारलं की सगळेच माना हलवतात.

मग एक जुनी एन्ट्री नाव झाकून वाचून दाखवा. आमची होती, 'उजव्या हाताच्या बोटाला लागले, कामगाराचा निष्काळजीपणा.' बास, संपलं. यावरून काय कळणार, डोंबल? झालं असं होतं की प्रेस जुना, त्याला दोन बटणं, दोन्ही हातांनी दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येतो, पण पीस पटापट निघावेत म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून दाबूनच ठेवलेलं, म्हणजे एक हात मोकळा, आणि तोच डायमध्ये, खालच्या साच्यात, गेला. पट्टी कोणी लावली, सुपरवायझरने बघून का सोडली, त्या दिवशी टार्गेट किती होतं, हे सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं गेलं. तेव्हापासून आमच्याकडे 'निष्काळजीपणा' लिहायला बंदी. वेळ, मशीन, हात कुठे होता, गार्ड होतं का, बघणारं कोण, एवढं लिहा. सगळ्यांना कोरा कागद देऊन तीच घटना परत लिहायला लावा, ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगायचं, बाजूच्याने लिहायचं. आणि कोणी लागता लागता थोडक्यात वाचला असेल तरी एन्ट्री करायची, पुढच्या वेळी वाचेलच असं नाही.

'लिहून आम्हाला काय मिळणार' हा प्रश्न येतोच. तेव्हा ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, समजवा. अपघाताने तात्पुरतं घरी बसावं लागलं तर पगाराच्या 90 टक्के मिळतात, अट एवढीच की अपघाताचा दिवस सोडून निदान 3 दिवस काम बंद हवं. मालकाने रिपोर्ट 24 तासांत पाठवायचा असतो, माणूस गेला तर लगेच. एन्ट्रीच नसेल तर तो बिचारा खेटे घालत बसतो. अजून एक, कामावर येताना लोकलमधून पडला तरी ड्युटीशी संबंध दाखवता आला तर 2010 च्या दुरुस्तीपासून तो कामावरचाच अपघात धरतात. हे सांगितलं तेव्हा चहाचे ग्लास खाली आले एकदम.

सुपरवायझर लोकांना वेगळे दहा मिनिटं बसवा. जखमी माणूस 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर सरकारला कळवावंच लागतं, 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये हीच रेघ होती आणि नवीन लेबर कोडमध्येही तीच आहे. अपघाताचा दर काढायचा हिशोब पण शिकवा, आपल्याकडे दिवस बुडालेले अपघात गुणिले 10 लाख भागिले एकूण कामाचे तास. साठ माणसं, 8 तास, 300 दिवस म्हणजे 1,44,000 तास, त्यात एक अपघात झाला तर साधारण 6.9. माल घेणारी अमेरिकन पार्टी मागते तो आकडा वेगळा, तिथे 2 लाखाने गुणतात आणि फर्स्ट एडच्या वरची ट्रीटमेंट लागलेली प्रत्येक केस मोजतात, म्हणजे बोटाला टाके पडले आणि गडी दुसऱ्या दिवशी हजर, तरी ती केस मोजायची. दोन्ही आकडे एकाच कॉलममध्ये भरू नका, आम्ही भरले होते, नंतर मेलवर मेल.

आणि रजिस्टर ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका, रात्रपाळीवाल्याने काय करायचं? फर्स्ट एड पेटीशेजारी खिळ्याला टांगा. पेन दोरीने बांधा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गायब.