एसएमपीएस ‘ओके आहे’ म्हणण्याआधी या चुका टाळा

गेम सुरू केला की पीसी रीस्टार्ट होतो. दुकानात नेला की रॅम काढून पुसली जाते, विंडोज नव्यानं टाकली जाते आणि काहीच जमलं नाही की नाइलाजानं एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायकडे, नजर वळते. तिथेही मल्टिमीटर लावून ‘बारा व्होल्ट येतायत, सप्लाय ओके आहे’ असा निर्वाळा मिळतो. घोळ इथेच होतो. बारा व्होल्ट येणं वेगळं आणि लोड पडल्यावर ते टिकणं वेगळं.

सगळ्यांच्या आवडीची चाचणी म्हणजे सप्लायकडून मदरबोर्डला जाणाऱ्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्यानं जोडणं. हिरवी वायर ही सप्लाय चालू करण्याची खूण, त्यामुळे ती ग्राउंडला टेकवली की पंखा फिरतो. पंखा अजिबात फिरला नाही तर या चाचणीतून काहीतरी कळलं. पण फिरला, तर सप्लाय रिकाम्या पोटी उभा राहू शकतो एवढंच सिद्ध झालं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून २०० वॉट मागतात तेव्हा काय होतं, हे त्यातून कळत नाही.

मोजायचंच असेल तर पीसी चालू ठेवून मोजा. मीटर २० व्होल्ट डीसीच्या रेंजवर ठेवा. काळा प्रोब कुठल्याही काळ्या वायरला लावा आणि लाल प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूनं पिवळ्या, म्हणजे १२ व्होल्टच्या, वायरच्या पिनेत अलगद सरकवा. दोन पिना एकमेकींना टेकू देऊ नका. मग पीसीवर जड काम लावा आणि आकड्यावर नजर ठेवा. एटीएक्स या पीसी सप्लायच्या मानकानुसार सर्वसाधारणपणे ५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी आणि लाल वायरवरची ५ व्होल्टची लाइन ४.७५ ते ५.२५ मध्ये. नुसता डेस्कटॉप उघडा असताना १२.१ आणि लोडवर ११.२ दिसत असेल, तर रॅमला दोष देणं थांबवा. आकडा हलला नाही तरी सप्लाय लगेच निर्दोष ठरत नाही, कारण काही मिलिसेकंदांचा झोल साध्या मीटरला पकडता येत नाही. अशा वेळी दुसरा खात्रीचा सप्लाय लावून बघणं हीच खरी परीक्षा. बऱ्याच नव्या सप्लायच्या सगळ्या वायरी काळ्या असतात, तिथे रंगावर विसंबू नका, पिनांचा नकाशा समोर ठेवा.

पीसी मुळीच चालू होत नसेल तर आधी जांभळी वायर बघा. पीसी बंद असला, पण भिंतीवरचं आणि सप्लायच्या मागचं बटण चालू असलं, तर तिच्यावर ५ व्होल्ट असायलाच हवेत. ते नसतील तर मदरबोर्डची चौकशी नंतर. आधी पॉवर कॉर्ड, सॉकेट आणि सप्लाय. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे व्होल्ट फार मनावर घेऊ नका. १२ व्होल्टच्या जागी ८ दिसत असतील आणि पीसी झकास चालत असेल, तर सेन्सरचं वाचन चुकतंय.

खरेदीत चूक होते ती खोक्यावरचा मोठा आकडा वाचून. काही स्वस्त सप्लायवर ठळक ‘४५०’ छापलेलं असतं. त्यापुढे वॉट लिहिलंय का, ते नीट बघा; कधीकधी तो नुसता मॉडेल नंबर असतो. आजच्या पीसीत बहुतेक लोड १२ व्होल्टवरच असतो. म्हणून लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते शोधा आणि गुणाकार करा. १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. खोक्यावरच्या आकड्याचं पितळ एका गुणाकारात उघडं पडतं. उलट, ‘६५० वॉटचा सप्लाय घेतला तर वीजबिल वाढेल’ ही भीती निराधार आहे. पीसीला लागते तेवढीच वीज ओढली जाते, वर थोडी उष्णतेत वाया जाते. पीसीला ३०० वॉट लागत असतील आणि सप्लायची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर भिंतीतून ३७५ वॉट जातील. यूपीएस घेतानाही व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि वॉट एकच समजू नका. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच असतो.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की दिवा पेटतो, आणि निष्कर्ष निघतो की सप्लाय लीक झाला. बहुतेकदा सप्लाय ठणठणीत असतो. त्याच्या आतल्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट २३० च्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. जुन्या घरांत थ्री पिन सॉकेटची वरची मोठी पिन कित्येकदा कशालाच जोडलेली नसते, आणि टू पिन अडॅप्टर वापरला की असलेली अर्थिंगही जाते. सॉकेटच्या तिन्ही पिनांमधलं व्होल्टेज वायरमनकडून तपासून घ्या. फेज ते अर्थ जवळपास २३० आणि न्यूट्रल ते अर्थ जेमतेम एक-दोन व्होल्ट यायला हवेत.

यावर काही वायरमन सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तार मारून देतात. झिणझिण्या थांबतात, मीटरही छान आकडा दाखवतो. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. हे कुणालाही करू देऊ नका. आपल्याकडे असं काही केलंय का ते बघायचं असेल, तर मेन स्विच बंद करून सॉकेट उघडायला लावा.

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, सप्लाय बदलताना जुन्या केबल तशाच ठेवण्याचा मोह होतो. सप्लायच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही. प्लग बरोबर बसतो आणि हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. डिस्क जळते, तिच्यातले फोटोही गेले. नव्या सप्लायसोबत त्याच्याच केबल वापरा.

आणि सप्लाय उघडून फ्यूजच्या जागी तार टाकू नका. आतला फ्यूज सहसा उगाच उडत नाही. बहुधा ब्रिज रेक्टिफायर किंवा मॉस्फेट यांपैकी आतला एखादा भाग शॉर्ट झालेला असतो. शिवाय २३० व्होल्ट एसीचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये निदान तेवढं व्होल्टेज प्लग काढल्यावरही काही वेळ साठलेलं राहू शकतं. हे काम डिस्चार्ज कसं करायचं ते जाणणाऱ्याकडे द्या, नाहीतर नवा सप्लाय घ्या.